‘उच्च’ म्हणजे कशाहून उच्च? : ध्वनिविश्लेषणातील दोन एककांचा विचार

मराठीच्या बोलींवरील प्रबंधांतून ध्वनिविचाराचे स्वरूप पालटत चालले आहे. पूर्वी वर्णांची यादी, त्यांची उच्चारस्थाने व अर्थभेदक जोड्या एवढे दिले की त्या प्रकरणाचे काम भागत असे. आता त्यास जोडून कोष्टके येतात, आणि कोष्टकांच्या माथ्यावर ‘डेसिबेल’ व ‘हर्ट्झ’ हे दोन शब्द शेजारी शेजारी दिसतात. यंत्राच्या साह्याने मिळालेले आकडे भाषाभ्यासात यावेत याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु ही दोन एकके जणू काही मीटर व किलोग्रॅम यांच्याप्रमाणे एकाच जातीची आहेत, असे गृहीत धरून निष्कर्ष काढले जातात, तेव्हा आकड्यांनी विवेचनास काटेकोरपणा येत नाही. केवळ त्याचा आभास निर्माण होतो. या आभासाचे परिणाम कोष्टकापुरते मर्यादित राहत नाहीत. ‘अमुक भागातील लोक मोठ्याने बोलतात’, ‘स्त्रियांच्या बोलण्यात हेल अधिक’ यांसारख्या लोकसमजुती त्या आकड्यांच्या आधारे प्रबंधात प्रवेश करतात आणि तेथून सिद्धान्त म्हणून बाहेर पडतात. प्रस्तुत टिपणात या एककांच्या स्वरूपाचा व त्यांच्या वापरातील दोषांचा विचार करावयाचा आहे.

प्रथम हर्ट्झ घेऊ, कारण ते सोपे आहे. एका सेकंदात कंपनाची किती आवर्तने पूर्ण होतात, याची ती मोजदाद होय. हाइनरिख हर्ट्झ (१८५७–१८९४) या जर्मन भौतिकीविदाचे नाव या एककास मिळाले, आणि १९६० मध्ये आंतरराष्ट्रीय एकक-पद्धतीत त्याचा समावेश झाला. तत्पूर्वीच्या ग्रंथांत ‘दर सेकंदास आवर्तने’ असा सरळ निर्देश आढळतो. मराठीत या राशीस तीन नावे आहेत. विश्वकोश ‘कंप्रता’ म्हणतो, शालेय पुस्तकांनी ‘वारंवारता’ रूढ केले, आणि संगीतविषयक लेखनात ‘आंदोलनसंख्या’ हा शब्द बराच काळ नांदत आला आहे. तिन्हींत शेवटचा शब्द अर्थाच्या दृष्टीने सर्वांत प्रामाणिक आहे, कारण त्यात ‘संख्या’ आहे. २२० हर्ट्झ म्हणजे सेकंदास २२० कंपने. ती पुण्यात मोजा किंवा पणजीत, मायक्रोफोन तोंडाजवळ ठेवा किंवा खोलीच्या दुसऱ्या टोकास, संख्या बदलत नाही. येथे ‘कशाच्या मानाने?’ असा प्रश्न उद्भवत नाही.

डेसिबेलच्या बाबतीत मात्र हाच प्रश्न प्रथम विचारावा लागतो. या एककाचा जन्म ध्वनिशास्त्रात झालेला नाही. तो टेलिफोनच्या तारांत झाला. लांबच्या तारेतून जाताना आवाजाची शक्ती किती घटते हे सांगण्यासाठी अमेरिकेतील अभियंते ‘प्रमाण केबलचा मैल’ हे माप वापरीत. म्हणजे एखाद्या जोडणीतील घट ही प्रमाण मानलेल्या केबलच्या इतक्या मैलांतील घटीइतकी आहे, असे म्हणत. केबलमधील घट कंप्रतेनुसार बदलते, ही त्यातील अडचण होती. १९२०–३० या दशकात बेल कंपनीच्या अभियंत्यांनी कंप्रतेवर अवलंबून नसलेले, शुद्ध गुणोत्तरावर आधारलेले एकक स्वीकारले, आणि १९२८ च्या सुमारास अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल (१८४७–१९२२) यांच्या नावावरून त्यास ‘डेसिबेल’ हे नाव मिळाले. शक्तीचे दसपट गुणोत्तर म्हणजे एक बेल. त्याचा दहावा भाग तो डेसिबेल. अर्थात, डेसिबेल हे कोणत्याही वस्तूचे परिमाण नव्हे. दोन राशींमधील गुणोत्तराचे, लॉगरिथमच्या साह्याने केलेले ते लेखन आहे. आंतरराष्ट्रीय एकक-पद्धतीने त्यास आपल्या एककांत स्थान दिलेले नाही, केवळ सोबत वापरण्याची मुभा दिली आहे, हे येथे ध्यानात घ्यावे.

गुणोत्तराच्या या स्वरूपामुळे डेसिबेलची बेरीज-वजाबाकी आपल्या अंकगणितीय सवयींस जुमानत नाही. साठ डेसिबेलचे दोन स्वतंत्र आवाज एकत्र आले तर एकशे वीस होत नाहीत, सुमारे त्रेसष्ट होतात. तसे दहा आवाज एकत्र आले तर सत्तर. विसर्जन मिरवणुकीच्या बातम्यांत निवासी भागाची दिवसाची ५५ डेसिबेलची मर्यादा ‘दुपटीने ओलांडली’ असे वाक्य दरवर्षी छापले जाते. ११० डेसिबेल ही ५५ ची दुप्पट नव्हे; ध्वनिदाबाच्या हिशेबाने ती साडेपाचशेपटींहून अधिक होते, आणि शक्तीच्या हिशेबाने तीन लाखपटींहून अधिक. वृत्तपत्रास हे क्षम्य आहे. परंतु एका निवेदकाची तीव्रता ६० व दुसऱ्याची ६६ आढळली म्हणून दुसरा ‘दहा टक्क्यांनी अधिक मोठ्याने’ बोलतो, असे विधान पदव्युत्तर लेखनात यावे, हे क्षम्य मानता येणार नाही. सहा डेसिबेलच्या वाढीत ध्वनिदाब जवळजवळ दुप्पट होतो. डेसिबेलची टक्केवारी काढणे म्हणजे घराच्या क्रमांकांची सरासरी काढण्यासारखे आहे.

आता आधारमूल्याचा मुद्दा. हवेतील ध्वनीच्या बाबतीत शून्य डेसिबेल म्हणून २० मायक्रोपास्कल इतका दाब संकेताने मानला आहे. वातावरणाच्या दाबाचा तो सुमारे पाचशे कोटींवा भाग होय, आणि माणसाच्या कानाला मधल्या कंप्रतांवर जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजाच्या आसपास तो पडतो. शून्य डेसिबेल म्हणजे नि:शब्दता नव्हे, आणि शून्याखालचे आकडेही संभवतात. हे आधारमूल्य सांगितले तरी काम पुरे होत नाही, कारण मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की पातळी सहा डेसिबेलने उतरते. मायक्रोफोन ओठांपासून दहा सेंटीमीटरवर आहे की वीस, एवढ्या फरकानेच मघाचा ६० व ६६ हा सगळा भेद निर्माण होऊ शकतो. ‘निवेदकाचा सरासरी आवाज ७२ डेसिबेल’ या वाक्यात अंतर दिलेले नसेल, तर ते वाक्य चुकीचेही म्हणता येत नाही; त्यास अर्थच नाही.

व्यवहारात स्थिती याहून बिकट आहे. आपले बहुतेक विद्यार्थी अ‍ॅम्स्टरडॅम विद्यापीठातील पॉल बुर्स्मा व डेव्हिड वेनिंक यांनी तयार केलेली ‘प्राट’ ही संगणकप्रणाली वापरतात. प्रणाली उत्तम आहे, विनामूल्य आहे, आणि तिने ध्वनिविज्ञान प्रयोगशाळेबाहेर आणले, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु ध्वनिमुद्रणातील नमुन्यांची मूल्ये साधारणतः उणे एक ते अधिक एक या मर्यादेत असतात, आणि ही प्रणाली ती मूल्ये पास्कलमध्येच आहेत असे समजून २० मायक्रोपास्कलच्या आधाराने डेसिबेल काढते. ती पास्कलमध्ये आहेत की नाहीत हे प्रणालीस कळण्याचा मार्ग नाही. त्यासाठी ज्ञात पातळीचा ध्वनी मुद्रित करून तुलना करावी लागते, आणि ही तसदी क्वचितच घेतली जाते. एक पास्कल म्हणजे ९४ डेसिबेल. तेव्हा अशा मुद्रणात निवेदक कुजबुजला काय किंवा डोंगरावरून हाका मारू लागला काय, आकडा ९४ च्या पलीकडे जाणे शक्य नाही! जे मोजले जाते ते निवेदकाचे बोलणे नसून मुद्रकाची कळ किती फिरवली होती, हे असते. भ्रमणध्वनीवर मुद्रण केले असेल तर ती कळ यंत्र स्वतःच, न विचारता, क्षणाक्षणाला फिरवीत असण्याचा संभव असतो. एका तालुक्यात एका यंत्रावर व दुसऱ्या तालुक्यात दुसऱ्या यंत्रावर घेतलेल्या मुद्रणांवरून एका बोलीचे भाषक दुसरीच्या भाषकांपेक्षा मोठ्याने बोलतात, असे जेथे म्हटले असेल, तेथे वाचकाने ते पान खुशाल उलटावे. शहरी कानास ग्रामीण बोलणे ‘ओरडल्यासारखे’ वाटते, ही समजूत जुनीच आहे. तिला डेसिबेलचा शिक्का मारून देणे हे भाषाविज्ञानाचे कार्य नव्हे.

आधारावाचून ‘उच्च’ म्हणणे निरर्थक आहे, ही जाणीव आपल्या परंपरेस नवी नाही. अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात पाणिनीने उदात्त व अनुदात्त यांची लक्षणे ‘उच्च’ आणि ‘नीच’ या शब्दांनी सांगितली आहेत. त्यावर महाभाष्यात पतंजलीने जी शंका उपस्थित केली आहे ती ध्वनिमापनाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकाच्या आरंभी शोभावी. उच्च-नीच या शब्दांचा अर्थ अनवस्थित आहे, असे तो म्हणतो. एकास जे उच्च तेच दुसऱ्यास नीच. पठण करणाऱ्यास कोणी म्हणतो, ओरडतोस काय, जरा खाली बोल. तसेच पठण ऐकून दुसरा म्हणतो, दातांतल्या दातांत काय पुटपुटतोस, वर बोल. यावर उपाय म्हणून शरीरातील कारणे पुढे केली जातात: गात्रांचा ताण, स्वराची रूक्षता, कंठविवराचे आकुंचन. पतंजली तीही पुरेशी मानीत नाही, कारण अल्पप्राण, म्हणजे दुबळ्या दमाच्या माणसाचा जो परमोच्च प्रयत्न, तो महाप्राणाचा सर्वांत नीच प्रयत्न असू शकतो. अखेर वार्तिककाराचे उत्तर येते ते ‘समानप्रक्रम’ या शब्दाने. उर, कंठ व शिर यांपैकी एकच प्रक्रम धरून त्यातच उच्च-नीच ठरवावे. आधुनिक परिभाषेत याचे रूपांतर करावयाचे तर ‘समान आधारमूल्य’ याखेरीज दुसरा शब्द सुचत नाही.

या चर्चेत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. उदात्त-अनुदात्त हा भेद स्वराच्या उंचीचा, म्हणजे तारतेचा. परंतु पतंजलीच्या दृष्टान्तातील ओरडणे व पुटपुटणे हे आवाजाच्या मोठेपणाचे विषय आहेत. एकाच शब्दजोडीत दोन्ही सामावले आहेत. मराठीनेही ही सरमिसळ सुखाने चालू ठेवली आहे. ‘आवाज चढला’ यात उंची व जोर दोन्ही असतात. भांडणाऱ्या माणसाविषयी ‘वरच्या पट्टीत बोलत होता’ असे म्हणताना हार्मोनियमची पट्टी कोणाच्या मनात नसते. ‘खालच्या आवाजात सांगितले’ म्हणजे हळू सांगितले, खर्जात नव्हे. ‘बारीक आवाज’ लहान मुलाचाही आणि आजाऱ्याचाही. बोलीभाषेने हे करावे, त्यात काही बिघडत नाही, कारण मनुष्य जोर करतो तेव्हा बहुधा स्वरही चढतो. परिभाषेने मात्र तसे करू नये. ‘आयाम’ हा शब्द याचे उत्तम उदाहरण आहे. वर सांगितलेल्या जुन्या विवेचनात गात्रांचा ताण या अर्थाने तो उंच स्वराचे कारण म्हणून येतो. आधुनिक भौतिकीच्या भारतीय परिभाषेत तोच शब्द कंपनाच्या विस्तारासाठी, म्हणजे मोठेपणाशी निगडित राशीसाठी योजिला गेला. विश्वकोशाने त्याऐवजी ‘परमप्रसर’ घेतला, तो उच्चारास जड असला तरी निदान निःसंदिग्ध आहे.

तारता म्हणजे कंप्रता नव्हे, ही गोष्ट हर्ट्झच्या सोपेपणामुळे विसरली जाते. हर्ट्झ मोजदाद करते, पण कान मोजदाद करीत नाही. तो गुणोत्तर ऐकतो. संगीताच्या अभ्यासकास हे सांगावे लागत नाही. षड्जाची २४० आंदोलने धरली म्हणजे पंचमाची ३६० व तार षड्जाची ४८० होतात, हे कोष्टक आपल्याकडील संगीताच्या पाठ्यपुस्तकांत सर्वत्र आहे. यातील २४० हा आकडा केवळ हिशेबाच्या सोयीचा आहे. गायक काळी एकमध्ये गाऊ लागला किंवा काळी पाचमध्ये, तरी पंचम हा षड्जाच्या दीडपटच राहतो. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवरील आपले इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत श्रुतींविषयी तीव्र मतभेद प्रकट झाले. परंतु श्रुती म्हणजे गुणोत्तर की अमुक इतकी आंदोलने, हा त्या वादाचा विषय नव्हता. गुणोत्तर हे दोन्ही पक्षांस मान्य होते. गुणोत्तरे मोजण्याचे ‘सेंट’ हे सूक्ष्म माप, ज्यात सप्तकाचे बाराशे भाग होतात, ते १८८५ मध्ये जगापुढे मांडणारा अलेक्झांडर एलिस हा इंग्रजीच्या जुन्या उच्चारांचा व्यासंगी अभ्यासक, म्हणजे आपल्याच क्षेत्रातील मनुष्य होता. त्याच्या क्षेत्रातील लोकांनी त्याचे माप संगीतज्ञांच्या हवाली करून आपण मात्र हर्ट्झमध्येच हिशेब मांडीत बसावे, हे विचित्र आहे.

त्याचा परिणाम हेलाच्या अभ्यासात दिसतो. समजा, एका पुरुष निवेदकाची मूळ कंप्रता वाक्यांतून ९० ते १८० हर्ट्झ या मर्यादेत फिरते व एका स्त्री निवेदिकेची १८० ते ३६० या मर्यादेत. वजाबाकी केली तर पुरुषाचा पल्ला ९० व स्त्रीचा १८०. आणि ‘स्त्रियांच्या भाषणातील चढउतार पुरुषांच्या दुप्पट’ हा निष्कर्ष तयार. वस्तुतः दोघांचाही पल्ला नेमका एक सप्तक आहे. तसूभर कमी-अधिक नाही. उलट बाजूनेही चूक होते. प्रश्नार्थक वाक्याच्या शेवटी दोघांचाही स्वर ४० हर्ट्झने चढला म्हणून दोघांचा हेल सारखा मानला, तर १०० वरून १४० वर जाणारा पुरुष जवळजवळ सहा अर्धस्वर चढलेला असतो आणि २०० वरून २४० वर जाणारी स्त्री तीन अर्धस्वरांहून थोडी अधिक. मालवणी किंवा वऱ्हाडी हेलाचे वर्णन करताना निवेदकांत स्त्रिया किती व पुरुष किती, यावरच सरासरी हर्ट्झचा आकडा ठरणार असेल, तर त्यातून बोलीविषयी काय कळणार? अर्धस्वरांचे माप वाक्यस्वराच्या सर्व अंगांस पुरे पडते असे नाही, आणि श्रवणशक्तीवर आधारलेली दुसरी मापेही पुढे आली आहेत. तथापि फ्रान्सिस नोलन यांनी २००३ मध्ये बार्सिलोना येथील ध्वनिविज्ञान परिषदेत मांडलेल्या प्रयोगात, एकाचा हेल दुसऱ्याने स्वतःच्या आवाजात अनुकरून दाखविला असता त्यांतील साम्य दाखविण्यात हर्ट्झ अगदीच मागे पडले व अर्धस्वर सरस ठरले. येथेही प्रत्येक निवेदकाचा स्वतःचा आधारस्वर हाच त्याचा प्रक्रम.

मराठीतील आघाताविषयीच्या लेखनात ही दोन्ही एकके एकत्र येतात, आणि दोन्ही प्रकारच्या चुकाही. आघातयुक्त अक्षर ‘अधिक डेसिबेलचे’ असते असे धरून शब्दाशब्दांतील अक्षरांची तीव्रता मोजली जाते. परंतु इल्सा लेहिस्ते व गॉर्डन पीटरसन यांनी १९५९ मध्येच इंग्रजीच्या संदर्भात दाखवून दिले होते की स्वरास्वरांतच तीव्रतेचा उपजत भेद असतो. ‘आ’साठी जबडा मोकळा होतो, ‘ई’साठी मार्ग अरुंद राहतो. सारख्याच प्रयत्नाने उच्चारूनही ‘आ’ची पातळी काही डेसिबेलने वर राहते. यास्तव ‘पाणी’ या शब्दात पहिले अक्षर वरचढ आढळले, तर त्याचे श्रेय आघातास द्यावे की ‘आ’कारास, हे त्या आकड्यावरून ठरत नाही. त्यातच डेनिस फ्राय यांनी १९५५ च्या प्रयोगात इंग्रजी श्रोत्यांना आघात जाणवण्याच्या कामी तीव्रतेपेक्षा कालमर्यादा अधिक प्रभावी असल्याचे दाखविले होते. शिवाय कानाची संवेदनशीलताही सर्व कंप्रतांवर सारखी नाही: १९३३ मध्ये फ्लेचर व मन्सन यांनी आखलेल्या समप्रबलतेच्या रेषा पाहिल्या तर १०० हर्ट्झचा मंद स्वर १००० हर्ट्झच्या स्वराइतका मोठा वाटावा म्हणून वीसहून अधिक डेसिबेलची भर घालावी लागते. तीव्रता म्हणजे मोठेपणा नव्हे. मराठीत आघात अर्थभेदक नाही, त्यामुळे त्याच्या ठिकाणाविषयीचा वाद आकड्यांनी मिटावा ही इच्छा समजण्यासारखी आहे. पण ज्या आकड्यात स्वर, काल व आघात एकत्र कालवलेले आहेत, तो वाद मिटवू शकत नाही.

यावरून भाषाविज्ञानास डेसिबेलचा उपयोगच नाही, असे कोणी समजू नये. जेथे तुलना एकाच ध्वनीच्या दोन अंगांमध्ये असते, तेथे हे एकक जन्मतः ज्या कामासाठी घडले तेच काम करते. सघोष महाप्राणांच्या अभ्यासाचे उदाहरण घेऊ. ‘भ’, ‘घ’, ‘ध’ यांनंतरच्या स्वराच्या आरंभी स्वरतंत्री सैल मिटतात व आवाजात श्वास मिसळतो. अशा वेळी पहिला प्रसंवादी दुसऱ्याच्या मानाने बळावतो, आणि दोहोंच्या पातळ्यांतील फरक डेसिबेलमध्ये मांडता येतो. एली फिशर-यॉर्गनसन यांनी गुजरातीतील मर्मर स्वरांवर केलेले विस्तृत विश्लेषण ‘इंडियन लिंग्विस्टिक्स’ या नियतकालिकात १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात या फरकास महत्त्वाचे स्थान आहे. मराठीच्या घोषप्रकारांवर केली बर्कसन यांचा कॅन्सस विद्यापीठातील प्रबंध २०१३ चा आहे. दोन्ही प्रसंवादी एकाच कंठातून, एकाच क्षणी, एकाच मायक्रोफोनवर येतात. मुद्रकाची कळ फिरली तरी दोन्ही सारखेच वरखाली होतात, आणि फरक अबाधित राहतो. २० मायक्रोपास्कलची तेथे आठवणही काढावी लागत नाही. प्रक्रम आपोआपच समान आहे.

पथ्य एकच पाळावे लागते. ‘ई’ व ‘ऊ’ या स्वरांत मुखविवराचा पहिला अनुनाद इतका खाली येतो की तो स्वतःच या प्रसंवादींपैकी एखाद्यास उचलून धरतो, विशेषतः स्त्रियांच्या व मुलांच्या आवाजात. तेव्हा ‘भाग’ची तुलना ‘बाग’शी करावी, ‘भीती’ची करू नये.